फ्लॅट विकणे आहे, भाडेकरूंसकट

जुना फ्लॅट विकायला निघाला की जाहिरातीचा मजकूर साधारण ठरलेला असतो. 'टू बीएचके, दुसरा मजला, मेडिकल कॉलेजपासून चालत पाच मिनिटं, बांधकाम जुनं पण मजबूत, भाडेकरू तयार.' सावंगी (मेघे)सारख्या कॉलेजच्या गावात यातले शेवटचे दोन शब्द सगळ्यात कामाचे. भिंतीचा रंग उडालेला असो की बाथरूमची फरशी खचलेली असो, 'भाडेकरू तयार' म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. आणि हे तयार भाडेकरू म्हणजे कोण? तर आपणच. दोन बेडरूममध्ये चार पलंग टाकून राहणारे, गॅलरीत एप्रन वाळत घालणारे, परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यात बसून नोट्स वाचणारे.

घर विकणं हा मालकाचा हक्क आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ज्या घरात चार जण राहतायत ते घर त्यांना न सांगता हात बदलतं, आणि ज्यांचं भाडं जाहिरातीत 'फायदा' म्हणून मिरवलं त्यांचंच डिपॉझिट मधल्यामध्ये अडकतं, हे काही बरोबर नाही. विकताना आमचं भाडं मोजता ना? मग आम्हालाही मोजा. माझं म्हणणं एवढंच आहे. आणि हे घडवून आणणं बरंचसं आपल्याच हातात आहे, हेही त्यासोबत सांगायचंय.

कंसातलं गाव

वर्ध्याला खेटून सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) अशी कंसात 'मेघे' लावलेली गावं आहेत. सावंगी त्यातलंच एक. यवतमाळ रोडचं, कापसाच्या वावरांचं गाव. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि गावाचं गणितच बदललं. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय वाढत गेलं, डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं आली, २००५ मध्ये संस्था अभिमत विद्यापीठ झाली. एवढे विद्यार्थी आले म्हणजे खोल्या लागणार. पेशंटसोबत लांबून आलेल्या नातेवाइकांनाही आठ-पंधरा दिवस डोकं टेकायला जागा लागणार. मग वावरांचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरं झाली, घरांवर मजले चढले आणि मग अपार्टमेंट उभी राहिली. ज्या विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीतून जमीन दान मागायला सुरुवात केली, त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलभोवती आज जमिनीचा भाव चौरस फुटात बोलला जातो. यात कोणाला दोष द्यायचा नाहीये. गाव वाढतं तेव्हा असंच होतं.

पण वाढलेलं गाव आणि त्यात राहायला आलेली पोरं यांचं नातं काय, हा प्रश्न राहूनच गेला. मेसवाल्या काकू, झेरॉक्सवाला, चहाची टपरी, रात्री उशिरापर्यंत उघडं असलेलं मेडिकल, ऑटोवाले या सगळ्यांचा धंदा आपल्यावर चालतो आणि आपलं जगणं त्यांच्यावर. दिवाळीच्या सुट्टीत गल्ली सामसूम झाली की डबे करणाऱ्या बाईला ते पहिलं कळतं. तरी विचारलं की तुम्ही कुठले, तर आपण सांगतो अकोला, गोंदिया, पाटणा. सावंगी असं कोणीच म्हणत नाही. आणि गावही आपल्याला 'कॉलेजवाले' यापलीकडे ओळखत नाही.

मालक साडेपाच वर्षांचा, भाडेकरू अकरा महिन्यांचा

एक हिशेब बघा. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बाहेरगावचे काही पालक विचार करतात, एवढी वर्षं भाडं भरण्यापेक्षा जुना फ्लॅटच घेऊन टाकू. एका खोलीत आपलं लेकरू, दुसरीत दोन भाडेकरू. लेकरू डॉक्टर झालं, पीजीसाठी दुसऱ्या शहरात गेलं, की फ्लॅट पुन्हा विकायला तयार. म्हणजे इमारत उभी राहणार चाळीस-पन्नास वर्षं, मालक तिच्याकडे बघणार साडेपाच वर्षांपुरतं आणि भाडेकरू अकरा महिन्यांपुरतं.

अशा इमारतीची गच्चीवरची टाकी कोण साफ करणार? जिन्यातला बल्ब गेला तर कोण बदलणार? मालक म्हणतो, मी तर नागपूरला राहतो. भाडेकरू म्हणतो, मी तर मे महिन्यात जाणार. नवा मालक म्हणतो, मी आत्ताच घेतलाय. प्रत्येकाचं बरोबर आहे आणि बल्ब तसाच. खाली पार्किंगमध्ये मागच्या बॅचच्या कोणाची तरी हवा गेलेली स्कूटी पडलेली असते, तिचं काय करायचं हेही कोणी ठरवत नाही. जुनी इमारत वयाने जितकी खराब होते, त्याहून जास्त ती अशा टोलवाटोलवीने होते.

कागदोपत्रीही हीच रडकथा. महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीचा कायदा १९६३ पासून आहे. त्यात बिल्डरने रहिवाशांची संस्था करून इमारत आणि जमीन तिच्या नावे करून द्यायची, असं स्पष्ट लिहिलंय. बिल्डर टाळतात म्हणून २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. म्हणजे बिल्डर करून देत नसेल तर संस्थेने सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घ्यायचं. तरी कितीतरी जुन्या इमारतींची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. अर्ज करायला संस्था लागते, संस्थेला सभासद लागतात, आणि सभासद तर फ्लॅट विकून निघायच्या तयारीत. महारेराचं कवच आहे म्हणावं तर तो कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, आणि तो मुख्यतः नव्या आणि तेव्हा अपूर्ण असलेल्या प्रकल्पांसाठी आहे. त्याआधीच पूर्ण होऊन ताबा दिलेल्या जुन्या इमारतीतला फ्लॅट एकाने दुसऱ्याला विकला तर तपासणी ज्याची त्यानेच करायची.

गळती कुठे आहे, कोणाला माहीत?

आता गंमत बघा. जुना फ्लॅट घेणारा माणूस मालकाला विचारतो, एजंटला विचारतो, फार तर वकिलाला विचारतो. आत राहणाऱ्या पोरींना 'जरा कूलर बाजूला घ्या, भिंत बघायचीय' यापलीकडे काही विचारत नाही. पण त्या फ्लॅटची खरी माहिती असते त्यांच्याकडेच. पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, नळ किती वाजता येतो आणि किती दिवसांआड, उन्हाळ्यात बोअर कधी आटते, मागच्या नालीचा वास कोणत्या खिडकीतून येतो, हे सगळं त्या सांगू शकतात. नागपुरात बसून दर महिन्याला मोबाइलवर भाडं जमा झालं का एवढंच बघणाऱ्या मालकाला यातलं काय माहीत असणार?

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचंच घ्या. जाहिरातीत तो 'हवेशीर' असतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत धग सोडत असतो. त्या स्लॅबखाली फार्माकॉलॉजी वाचून बघा, मग कळेल हवेशीर म्हणजे काय. याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले, तेव्हा माती, बांबू आणि कवेलू वापरून बांधलेल्या कुट्या आजही उभ्या आहेत. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की फरक कळतो. आता मातीचे फ्लॅट बांधा असं कोणी म्हणणार नाही. पण निदान गच्चीवर पांढरा चुना मारा, एवढं तरी म्हणता येईल की नाही? ते म्हणायचं कोणी, तर जो त्या खोलीत झोपतो त्याने. आणि त्याला तर कोणी विचारतच नाही.

वस्तीचंही तसंच. 'कॉलेजपासून पाच मिनिटं' हे दुपारी बाराला खरं असतं. रात्री साडेअकराला ड्यूटी संपवून एकटीने परतणाऱ्या मुलीला ती पाच मिनिटं किती लांब वाटतात, हे रस्त्यावरचे दिवे सुरू आहेत की नाहीत यावर ठरतं. कुत्र्यांची टोळी कोणत्या वळणावर बसते, यावर ठरतं. घर घेणारा पालक स्वतःच्या मुलीसाठी घर बघत असेल, तर त्याने सगळ्यात आधी तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलीशीच बोलायला हवं. ती त्याला एजंटपेक्षा जास्त आणि फुकट सांगेल.

कागदावर आपण कोण?

आता पैशांचं बोलू. आपल्यापैकी बहुतेक जण अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहतात. काही जणांकडे तोही कागद नसतो. एक महिन्याचं भाडं, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि 'काही अडलं तर फोन करा' एवढ्यावर किल्ली मिळते. मालक आपलं आधार, कॉलेजचं आयकार्ड, वडिलांचा नंबर सगळं घेतो. आपण त्याच्याकडून काय घेतो? काहीच नाही. घर त्याच्याच नावावर आहे का, हेसुद्धा बघत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा किंवा विजेचं बिल दाखवा म्हणायला आपल्याला संकोच वाटतो.

मधेच फ्लॅट विकला गेला तर काय होतं? इथे कायद्यातला एक बारीक फरक प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. आपला कागद 'भाडेपट्टा' असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. घर विकलं म्हणून भाडेपट्टा संपत नाही. पण कागद 'लायसन्स' असेल, तर त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ लागतं, आणि ते सांगतं की मालमत्ता घेणारा केवळ ती घेतली म्हणून त्या लायसन्सने बांधला जात नाही. म्हणजे ज्या कागदावर आपण विश्वासाने सही केली, तो नव्या मालकाच्या दृष्टीने बिनकामाचा ठरू शकतो. म्हणून 'भाडेकरू तयार' ही ओळ घेणाऱ्यासाठी उत्पन्न असते आणि आपल्यासाठी टांगती तलवार.

अगदीच हात बांधलेले नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, लायसन्स रद्द झालं तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा. कलम ६४ प्रमाणे, पैसे घेऊन लायसन्स देणाऱ्याने आपली काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. पण मागायची तर हातात कागद हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये लिहिलंय की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं, असंही त्यात आहे.

खर्चाचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. समजा भाडं आठ हजार, तर अकरा महिन्यांचे ८८ हजार आणि त्यावर २२० रुपये. डिपॉझिटचा हिशेब आणि नोंदणी फी वेगळी, पण ती धरून चार रूममेट्समध्ये वाटलं तर एका वाढदिवसाच्या पार्टीपेक्षा कमीच पडतं. नोंदणी ऑनलाइन होते. तरी आपण टाळतो, कारण 'कशाला मालकाला दुखवायचं'.

मालकांचीही बाजू आहे

ती नाकारून चालणार नाही. सगळेच मालक काही नागपूर-पुण्याचे गुंतवणूकदार नाहीत. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून एक फ्लॅट घेतला आणि त्याच्या भाड्यावर औषधपाणी चाललंय, असेही काका-काकू आहेत. आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, तर त्यांना फ्लॅट विकावाच लागतो. त्यांनी आपल्या परीक्षेचं टाइमटेबल बघून विकावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय आपली मंडळीही काही कमी नाहीत. गॅलरीतून कचऱ्याची पिशवी खाली, रात्री दोनला जिन्यात गाणी, जाताना शेवटच्या महिन्याचं वीजबिल तसंच ठेवून पसार. मग पुढच्या बॅचला मालक जास्त डिपॉझिट मागतो, आणि आपण म्हणतो, बघा किती लुटतात.

म्हणूनच मला वाटतं, हा व्यवहार मालक विरुद्ध विद्यार्थी असा बघण्यात अर्थ नाही. ज्या फ्लॅटचा करार नोंदलेला आहे, डिपॉझिटचा हिशेब लेखी आहे, दुरुस्त्यांची नोंद आहे, तो विकायला मालकालाही सोपा जातो. घेणाऱ्याला नेमकं काय घेतोय ते कळतं. आणि राहणारा रात्री शांत झोपतो.

चार ओळी आणि एक ग्रामसभा

तर करायचं काय? पुढच्या वेळी करारावर सही करताना चार ओळी वाढवून घ्या. एक, मुदत संपण्याआधी फ्लॅट विकायचा ठरला तर निदान दोन महिने आधी लेखी कळवायचं. दोन, विक्रीखत होण्याआधी डिपॉझिट परत द्यायचं, किंवा ते नव्या मालकाकडे गेल्याचं दोघांच्या सहीने लिहून द्यायचं. तीन, घर बघायला गिऱ्हाईक आणायचं तर आदल्या दिवशी सांगायचं, आणि मुलींच्या फ्लॅटवर एजंटने स्वतःच्या किल्लीने दार उघडायचं नाही. चार, विद्यापीठाच्या परीक्षा सुरू असताना जागा रिकामी करायला लावायची नाही. यातली एकही अट डोईजड नाही. एकट्याने मागितली तर मालक दुसरा भाडेकरू बघेल, हे खरं. पण एका कॉलेजच्या सीनियर्सनी मिळून एक नमुना करार तयार केला आणि दर वर्षी नव्या बॅचच्या हातात दिला, तर दोन-तीन वर्षांत तोच गावचा रिवाज होईल. नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका आपण असेच पुढे देतो ना?

दुसरी गोष्ट वस्तीची. सावंगी (मेघे)चा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. रस्त्यावरचे दिवे, नाली, कचरा, घरपट्टी हे सगळं तिथे ठरतं. घरपट्टीची पावती मालकाच्या नावाने फाटते, पण ती जाते आपल्या भाड्यातूनच. मग दिव्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला का नसावा? वय अठरा पूर्ण असेल तर शिकायला राहतो त्या गावच्या मतदारयादीत विद्यार्थ्याला नाव नोंदवता येतं. नव्या मतदाराला अर्ज क्रमांक ६, आणि घरचं नाव इकडे हलवायचं असेल तर अर्ज क्रमांक ८. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, तेव्हा निवड विचार करून करा. यादीत नाव आलं की ग्रामसभेत बसता येतं, बोलता येतं. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवसांना होतात. सुट्टी म्हणून आपण तेव्हा झोपलेले असतो. नाव नोंदवायचं नसेल तरी गल्लीतल्या वीस पोरापोरींच्या सह्यांचा एक अर्ज द्यायला कोणी अडवत नाही.

'पण आपण तर वर्षभराचे पाहुणे', असं कोणी म्हणेल. एकेकटे असू. पण १९९० पासून या गल्ल्यांत विद्यार्थी नव्हते असं एकही वर्ष गेलेलं नाही. बॅच बदलते, विद्यार्थी असतातच. काही मालकांपेक्षा आपण इथे जुने आहोत. मग पाहुण्यासारखं कोपऱ्यात का बसायचं?

आणि जुना फ्लॅट घ्यायला निघालेल्या पालकांनो, तुम्हीही एक करा. भिंतीवर टिचक्या मारून झाल्या की आत राहणाऱ्या पोरांना विचारा, 'बाळांनो, इथे कसं काय आहे?' पाच मिनिटं बसा. चहा आम्ही करू. गॅसवरचा बर्नर एकच चालू आहे, हेही तेव्हाच तुम्हाला कळेल.